विचारांच्या घोळातून पहिलं पाऊल: उत्तर कुणापाशी आहे ते आधी शोधा

मे महिना संपत आला की विदर्भातल्या बऱ्याच घरांत एक प्रश्न घोळत असतो. घरी ठेवलेलं सोयाबीन बियाणं म्हणून चालेल का, की नवीन बॅग आणावी? हा प्रश्न रात्री खाटेवर पडून सोडवायला घेतला तर पंधरा दिवस पुरतो. मळणीयंत्रात दाणा फुटला असेल का, कापणीच्या वेळी पाऊस लागला होता, शेजाऱ्याचं मागच्या वर्षी उगवलंच नाही, बॅग महाग, कृषी केंद्राची उधारी अजून बाकी. आणि हाच प्रश्न गोणपाटाच्या एका ओल्या तुकड्यावर १०० दाणे मांडून विचारला, तर सात दिवसांत त्याचं उत्तर समोर असतं.

शेळ्या घ्यायच्या आहेत, पोलीस भरतीला उतरायचं आहे, अर्धवट सुटलेलं शिक्षण पुरं करायचं आहे, पापडांचा धंदा करून पाहायचा आहे, पण "इचार करू करू" वर्ष निघून जातं, अशा माणसांसाठी हा लेख आहे. अतिविचार लांबण्याचं एक मोठं कारण असं की ज्या प्रश्नाचं उत्तर बियाण्यापाशी, बँकेपाशी किंवा आपल्या पायांपाशी असतं, ते आपण डोक्यात शोधत बसतो. तिथे ते मुळातच नसतं, म्हणून शोध संपत नाही. पहिलं पाऊल लहान ठेवायचं ते एवढ्यासाठी, की त्याने बाहेरून उत्तर लवकर आणि स्वस्तात मिळावं.

सुरुवात करण्याआधी

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच जीव लागत नसेल, आपण घरच्यांवर ओझं झालो आहोत किंवा जगून उपयोग नाही असं वाटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ या नंबरवर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस, म्हणजे फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, तिथेही जाता येतं. घरात कुणाची अशी अवस्था दिसत असेल तर त्याला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याच्या घरी द्या. हे काम त्याच दिवशी करायचं. तो टोकाचा क्षण बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरतो, आणि त्या वेळेत औषधाचा डबा हाताशी नसणं म्हणजे एक जीव वाचणं असू शकतं.

विचार चालू आहे की घोकणी?

सगळा विचार वाईट नाही. पेरणीचा बेत, कर्जाचा हिशेब, मुलीच्या शिक्षणाची तजवीज, हे विचार करूनच होतं. फरक ओळखायची सोपी रीत अशी: पंधरा मिनिटं विचार केल्यावर कागदावर लिहिता येईल असं काही नवीन निघालं का? एखादा आकडा, एखादं नाव, उद्याचं एखादं काम? निघालं असेल तर तो विचार. तीच वाक्यं तिसऱ्यांदा फिरून आली असतील तर ती घोकणी.

सुझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अनेक वर्षं या घोकणीवर सातत्याने काम केलं. आपल्या दुःखाभोवती, "माझंच असं काहून होते" याभोवती फिरत राहणाऱ्या माणसाची उदासी लांबते आणि अडचण सोडवायची त्याची ताकदही कमी होते, असं त्यांना दिसून आलं. आपल्याकडे याला विचारांचं रवंथ म्हणतात. पण गाय रवंथ करते तेव्हा चारा पचतो आणि ती उठून चरायला जाते. घोकणीत पचत काहीच नाही, नुसता जबडा दुखतो.

पायरी १: एक वही, एक पान, दहा मिनिटं

साधी शंभर पानी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहू नका, कारण लिहिता लिहिता बोट दुसरीकडे सरकतं. वर तारीख टाका आणि डोक्यात जे जे चाललं आहे ते एका ओळीत एक असं उतरवा. आपल्या बोलीत लिहा, शुद्धलेखन पाहू नका. "लोकं काय म्हनतीन" हे मनात असेल तर तेच लिहा. साधारण दहा ते वीस ओळी होतात. दहा मिनिटं झाली की थांबा.

इथे होणारी चूक म्हणजे ओळीऐवजी कहाणी लिहिणं. "मोठ्या भावाने तेव्हा तसं केलं नसतं तर" असं सुरू झालं की पान भरतं आणि मन जास्त जड होतं. एक ओळ, शक्यतो प्रश्नाच्या रूपात. "शेळ्या मेल्या तर?" "इंग्रजी जमेल का?" "पैसे कुठून येतील?" लिहिता येत नसेल किंवा डोळ्यांचा त्रास असेल तर घरातल्या शाळकरी पोराला लिहायला बसवा. फक्त मुलाच्या कानावर पडू नयेत अशा गोष्टी तेवढ्या वगळा.

पायरी २: प्रत्येक ओळीपुढे लिहा, उत्तर कुणापाशी आहे?

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. घाई केली तर पुढचं पाऊल चुकीच्या दिशेला पडतं.

प्रत्येक प्रश्नापुढे एक शब्द लिहायचा. हे शब्द थोडेच आहेत. *वस्तूपाशी*: बियाणं, माती, जागा, विहिरीचं पाणी. *कागदापाशी*: सातबारा, बँकेचं पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, भरतीची जाहिरात. *माणसापाशी*: आधी ते काम केलेला शेजारच्या गावचा माणूस, सहायक कृषी अधिकारी (आधीचे कृषी सहायक), जनावरांचे डॉक्टर, बचत गटाची ताई, घरातला कर्ता. *अंगापाशी*: आपले पाय, हात, डोळे, आपली पाठांतराची ताकद. आणि शेवटचा, *काळापाशी*: पाऊस किती येईल, कापसाला दिवाळीत काय भाव मिळेल, भरती कधी निघेल.

ज्या ओळींपुढे "काळापाशी" आलं त्यांच्याखाली सरळ रेघ ओढा. त्यांचं उत्तर आज कुणाकडेच नाही, तुमच्याकडेही नाही. त्या विसरा असं कुणी सांगत नाही, त्यांचं काय करायचं ते पुढे येतंच. पण त्या आजच्या कामाच्या यादीत नकोत. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात बरीचशी घोकणी नेमकी या काळापाशी असलेल्या ओळींची असते, कारण पाऊस आणि भाव दोन्ही हाताबाहेरचे. त्या ओळी वेगळ्या केल्या की उरलेलं पान किती लहान आहे ते दिसतं.

"लोकं काय म्हनतीन" ही ओळ बहुतेक जण "माणसापाशी" टाकतात. तिथे थोडं थांबा. कोणती लोकं? नावं लिहा. बहुधा दोन किंवा तीन नावं निघतात, त्यांतलं एक घरातलंच असतं. मग प्रश्न बदलतो: "मामांशी कधी बोलू?" याला उत्तर आहे. नाव लिहिताच येत नसेल तर ती ओळ काळापाशी.

आता सुरुवातीच्या बियाण्याकडे परत येऊ, कारण "वस्तूपाशी" असलेला प्रश्न कसा विचारायचा याचा तो उत्तम नमुना आहे. प्रत्येक पोत्यातून वरून, मधून आणि तळातून मूठभर सोयाबीन काढा आणि एकत्र मिसळा. त्यातून न निवडता १०० दाणे मोजा. गोणपाटाचा तुकडा स्वच्छ धुऊन ओला करा. त्यावर १० दाण्यांच्या १० ओळी मांडा, दोन दाण्यांत दीड ते दोन सेंटिमीटर अंतर ठेवा. वरून दुसरा ओला तुकडा झाका, हलक्या हाताने गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. गोणपाट ओलसर हवं, निथळतं नको, नाहीतर दाणे सडतात. सहाव्या-सातव्या दिवशी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजा. ७० किंवा जास्त निघाले तर एकरी ३० किलो हे नेहमीचं प्रमाण चालतं. ६० ते ७० च्या मध्ये असतील तर त्या मानाने बियाणं वाढवा, ६० ला ते सुमारे ३५ किलो होतं. त्याहून खाली गेलं तर ते बियाणं पेरू नका. शक्य असेल तर अशा तीन-चार गुंडाळ्या करून सरासरी काढा. ही तपासणी सोयाबीनसाठी आहे. बाजारातला बहुतेक बीटी कापूस संकरित असतो, त्याची घरची सरकी बियाणं म्हणून वापरायची नसते, मग कोंब कितीही चांगले येवोत.

यात एक बारकावा आहे आणि तो शेतीबाहेरही तेवढाच लागू पडतो. टपोरे दाणे निवडून घेतले तर ९५ उगवतील, मन खूश होईल आणि वावरात फजिती होईल. चाचणी न निवडता घ्यायची. धंदा चालेल का हे सख्ख्या बहिणीला विचारू नका, ती हो म्हणेल. ज्याला तुमचं मन राखायची गरज नाही त्याला विचारा.

दुसरं, ही तपासणी मे महिन्यातच करायची. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून गेला, जमीन पेरणीलायक झाली आणि मग गोणपाट शोधायला लागलात तर उत्तर येऊनही उपयोग नाही, बदलायला वेळच उरत नाही. पहिलं पाऊल लवकर टाकायचं कारण हेच आहे, नकार आला तरी दुसरी वाट धरता यावी.

पायरी ३: एकच उद्देश निवडा आणि पाऊल कापून लहान करा

पानावर तीन-चार उद्देश दिसत असतील तर या हंगामापुरता एक ठेवा. कोणता, यावर पुन्हा घोळ घालू नका. ज्याचं पहिलं उत्तर सगळ्यात स्वस्त आणि लवकर मिळतं तो आधी. बाकीचे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, ते कुठे जात नाहीत.

मग पाऊल कापायला बसा. पाऊल पुरेसं लहान झालं की नाही हे पाहायला चार गोष्टी तपासा. पंधरा मिनिटांत होतं का? पन्नास रुपयांच्या आत होतं का? कुणाची परवानगी न घेता होतं का? आणि झाल्यावर हातात काही दिसतं का, म्हणजे एखादा आकडा, कागद, फोटो, एखादं नाव? एकाही गोष्टीला "नाही" आलं तर पाऊल अजून मोठं आहे. "माहिती काढतो" हे पाऊल नव्हे, कारण ते संपल्याचं कळत नाही. "उद्या सकाळी १० वाजता जनावरांच्या दवाखान्यात जाऊन लसीकरणाचे महिने लिहून आणतो" हे पाऊल आहे.

शेळीपालन घ्या. बहुतेकांचा विचार दहा शेळ्या आणि एक बोकड या गटापासून सुरू होतो आणि कर्ज-अनुदानाच्या चर्चेत अडकतो. पहिलं पाऊल त्याच्या खूप आधी आहे: कोठ्याशेजारची जागा दोरीने मोजा. एका शेळीला झाकलेली जागा साधारण १० ते १२ चौरस फूट लागते, मोकळी त्याच्या दुप्पट. म्हणजे दहा शेळ्यांना १०० ते १२० चौरस फुटांचं छप्पर आणि दोनशेच्या वर मोकळं अंगण. मोजायला दहा मिनिटं लागतात. जागा पाच शेळ्यांचीच निघाली तर पुढचा निम्मा घोळ तिथेच संपतो. दुसरं पाऊल चाऱ्याचं. एका शेळीला दिवसाला ३ ते ४ किलो हिरवा आणि सुमारे १ किलो वाळलेला चारा धरा, आणि धुऱ्यावर, बांधावर उन्हाळ्यात काय हिरवं राहतं ते फिरून लिहा. एप्रिल-मेचा चारा दिसत नसेल तर शेळ्या कमी. तिसरं पाऊल, शेजारच्या गावात निदान दोन पावसाळे शेळ्या पाळलेल्या माणसाकडे जा आणि एकच प्रश्न विचारा: मागच्या पावसाळ्यात किती पिल्लं गेली आणि कशाने? नफा किती होतो हे विचारलं तर फुगवून सांगतात, मेलेली पिल्लं मात्र पाळणाऱ्याच्या चांगली लक्षात असतात. त्या उत्तरातून पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या रोगांची लस, जंताचं औषध, ओल्या जमिनीचा त्रास, सगळं आपोआप बाहेर येतं.

पोलीस भरतीचा प्रश्न अंगापाशी आहे. शिपाई पदाच्या भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची धरली जाते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणं, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. गोळा मुलांना ७.२६० किलोचा, मुलींना ४ किलोचा. फॉर्म भरण्याआधी चालू जाहिरात वाचाच, नियम बदलतात. पण "मला जमेल का" हा प्रश्न वर्षभर पारावर बसून चघळण्यापेक्षा मोटारसायकलच्या मीटरवर गावापासून १.६ किलोमीटर मोजा आणि तिथल्या झाडाला किंवा दगडाला चुन्याची खूण करा. हे पहिलं पाऊल, पळायचं अजून नाहीच. दुसऱ्या दिवशी पहाटे तेवढं अंतर दमलं की चालत, दम परत आला की पळत पार करा आणि लागलेली मिनिटं वहीत लिहा. आकडा वाईट येईल, येऊ द्या. तो आकडा म्हणजे आता "जमेल का" याच्या जागी "किती कमी करायचं आहे" हा प्रश्न आला. पहिल्याच आठवड्यात रोज पाच किलोमीटर डांबरी रस्त्यावर पळू नका. नडगी दुखायला लागते, पंधरा दिवस घरी बसावं लागतं आणि मन म्हणतं, पाहिलं, आपल्याच्याने होत नाही. बहुतेकदा चूक वाढ फार वेगाने केल्याची असते. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड आणि शक्यतो मातीच्या रस्त्याने.

लग्न झाल्यावर शिक्षण सुटलेल्या बाईसाठी पहिलं पाऊल पेटीत आहे. शाळा सोडल्याचा दाखला आणि शेवटची गुणपत्रिका शोधून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवणं, एवढंच. दाखला सापडला नाही तर तेही उत्तरच आहे, पुढचं पाऊल शाळेतून दुसरी प्रत मिळवणं. दहावी-बारावी खाजगीरीत्या द्यायला सतरा नंबरचा फॉर्म असतो, त्याची चौकशी जवळच्या शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात होते. बारावीनंतर घरी राहून पदवी घ्यायची तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याच कामासाठी आहे आणि त्याची अभ्यासकेंद्रं विदर्भातही आहेत. सासरच्यांशी बोलायचं ते दाखला हातात आल्यावर. नुसत्या इच्छेवर वाद होतो, कागद समोर असला की बोलणं फीच्या आणि वेळेच्या हिशेबावर येतं.

पापड, सरगुंडे, शेवया विकायच्या असतील तर पॅकिंग मशीन आणि ब्रँडचं नाव नंतर. एक किलो उडदाचे पापड करा, लागलेलं साहित्य, जळण आणि तास लिहा आणि नात्याबाहेरच्या चार घरांत पैसे घेऊन द्या. फुकट दिलेल्या पापडाची तारीफ सगळेच करतात. पैसे देऊन तेच घर पंधरा दिवसांनी पुन्हा मागतं का, ते पाहा.

शेतीबद्दलचा प्रश्न माणसापाशी असेल आणि माणूस सापडत नसेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा मोफत नंबर सकाळी ६ ते रात्री १० चालू असतो. फोन लावण्याआधी प्रश्न वहीत एका ओळीत लिहून घ्या, नाहीतर बोलणं भरकटतं.

पायरी ४: पाऊल कशाला बांधायचं ते ठरवा

"उद्यापासून करीन" यात उद्या किती वाजता आणि कुठे हे नसतं, म्हणून ते राहून जातं. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉल्विट्झर यांनी मांडलेला एक साधा उपाय इथे फार कामाचा आहे: "जर असं झालं, तर मी हे करीन" अशा वाक्यात बेत बांधायचा. वेळ आली की प्रत्येक वेळी नव्याने ठरवत बसावं लागत नाही.

गावात घड्याळापेक्षा कामाला बांधलेलं पाऊल जास्त टिकतं. दूध काढून झालं की. नळाचं पाणी भरून झालं की. पोरं शाळेच्या गाडीत बसली की. एसटीची वाट पाहत फाट्यावर उभा असलो की. "संध्याकाळचं दूध डेअरीवर घातलं, की तिथूनच शाळेच्या मैदानावर जाऊन चार चकरा मारीन." हे वाक्य वहीत लिहा. ओलिताच्या दिवसांत रात्रीची लाइन असली की सकाळ उलटीपालटी होते, म्हणून जोडीचं दुसरं वाक्यही लिहून ठेवा: "रात्री पाणी द्यायला गेलो असेन, तर सकाळी पळायचं नाही, दुपारी जेवल्यावर दोन पानं वाचायची." हे दुसरं वाक्य नसलं की रात्रपाळीच्या पहिल्याच आठवड्यात सगळं मोडतं.

रात्रीच्या विचारांना दिवसाची वेळ द्या

आता त्या रेघ ओढलेल्या, काळापाशी असलेल्या ओळी. त्या रात्री अकराला येतात, कारण दिवसभर त्यांना कुणी जागा दिलेली नसते. थॉमस बॉर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये चिंतेवर एक रीत मांडली: रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास फक्त चिंता करायची, आणि इतर वेळी ती आली की "त्या वेळी पाहू" म्हणून पुढे ढकलायची.

दिवेलागणीच्या आधीची वेळ चांगली. जागा खाट नको, जिथे झोपतो किंवा जेवतो ती नको. विहिरीचा काठही नको. अंगणातला दगड, देवळाचा ओटा, कोठ्याबाहेरची मोकळी जागा. वही घेऊन बसा आणि मनात येईल ते येऊ द्या. बऱ्याच जणांना दहा-बारा मिनिटांत सांगण्यासारखं काही उरत नाही. वेळ संपली की उठा आणि हाताने करायचं एखादं काम घ्या, ढोरांना कडबा टाकणं, भाजी निवडणं. रात्री विचार आला तर एका शब्दात वहीत टिपा, "भाव", "व्याज", आणि वही मिटा. पहिले चार-पाच दिवस हे जमत नाही. मन ऐकत नाही असं वाटतं. आठवडाभर एकच जागा आणि एकच वेळ पाळली तरच याचा उपयोग होतो, जागा रोज बदलली तर नाही.

खूण करा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर, पाऊल झालं त्या दिवशी पेनाने एक फुली. बस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की नवीन सवय आपसूक व्हायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत १८ ते २५४ दिवसांचा फरक पडला. त्यातच आणखी एक दिलासा देणारी गोष्ट आहे: एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. म्हणून "एकवीस दिवसांत सवय लागते" यावर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश होऊ नका.

कुठे बिघडतं

तयारीलाच काम समजणं हा सगळ्यात गोड सापळा. नवे बूट, महागडी फाइल, तीन ॲप, शेळीपालनाचे चाळीस व्हिडिओ. नमनालाच घडाभर तेल जातं आणि काम केल्याचं समाधानही मिळून जातं. व्हिडिओ पाहायचाच असेल तर आधी वहीत प्रश्न लिहा, त्याचं उत्तर मिळालं की बंद करा.

मुहूर्ताचं म्हणाल तर गुढीपाडव्याला, अक्षय तृतीयेला किंवा दसऱ्याला शुभारंभ जरूर करावा, त्याने घर सोबत येतं. पण दोरीने जागा मोजायला मुहूर्त लागत नाही. चाचण्या आधी उरका, म्हणजे मुहूर्ताच्या दिवशी नारळ फोडताना पोटात गोळा येणार नाही.

जून-जुलैच्या पेरणी-निंदणात आणि दसऱ्यानंतरच्या कापूस वेचणीत अंगात त्राण राहत नाही. धानपट्ट्यात रोवणीचे दिवस तसेच. या काळात पाऊल बंद करायचं नाही, कापून आणखी लहान करायचं. रोजचं एक पान वाचन पाच ओळींवर आणा, चार चकरांची एक करा. पूर्ण थांबलेलं काम पुन्हा उठवायला नवीन सुरुवातीइतकाच जोर लागतो.

पारावर आधीच जाहीर करू नका. चार जण चार सल्ले देतात आणि त्यांतले तीन भीतीचे असतात. घरातल्या किंवा मैत्रीतल्या एकाच माणसाला सांगा, आणि त्याला सल्ला देऊ नको, फक्त रविवारी फुल्या मोजून विचार, असं सांगा.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. "विचार नको, करून टाक" हा सल्ला परत फिरवता येणाऱ्या कामांसाठी आहे. जमीन विकणं, सावकाराचं कर्ज, कुणाला जामीन राहणं, गुंतवणुकीच्या नावाखाली पैसे भरणं, सोडचिठ्ठी, ही परत न फिरणारी कामं. तिथे लहान पाऊल म्हणजे कागदाची प्रत घरी आणणं, व्याज वर्षाचं किती होतं ते आकड्यात लिहून घेणं, दुसऱ्या जाणत्या माणसाला दाखवणं. सही हे पहिलं पाऊल कधीच नसतं. समोरचा "आजच सही करा" म्हणत असेल तर त्या दिवशी नक्कीच करू नका.

सात दिवसांनंतर

आठव्या दिवशी त्याच पानावर परत या. ज्या प्रश्नांची उत्तरं आली त्यांच्यापुढे उत्तर लिहा: "जागा ७० चौरस फूट", "१६०० मीटर ११ मिनिटं", "दाखला सापडला, नावात चूक". उत्तर आलं की त्यातून नवा प्रश्न निघतो, त्यापुढे पुन्हा तोच शब्द लिहा, वस्तू, कागद, माणूस, अंग की काळ, आणि पुढचं पंधरा मिनिटांचं पाऊल कापा.

फुल्या सातांपैकी तीनपेक्षा कमी असतील तर पाऊल निम्मं करा किंवा ते ज्या कामाला बांधलं ते बदला. सकाळी जमत नसेल तर दुपारी करून पाहा. स्वतःला दूषणं देण्यात वहीची एकही ओळ घालवू नका. दोनदा निम्मं करूनही होत नसेल तर बहुधा तो उद्देश तुमचा नाही, कुणीतरी तुमच्यावर ठेवलेला आहे. हे नीट तपासा, विशेषतः भरतीच्या वयातल्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी समोरासमोर बसून.

उत्तर "नाही" आलं, जागा कमी निघाली, चारा पुरत नाही, पापड पुन्हा कुणी मागितले नाहीत, तर पानावर कारण आणि तारीख लिहा. दोन वर्षांनी विहिरीला पाणी लागलं किंवा घरात एक माणूस वाढला की तेच पान पुन्हा उघडता येतं. मग वहीच्या शेवटच्या पानावर जा, तिथे थांबवून ठेवलेल्या उद्देशांपैकी पुढचा घ्या आणि त्याच्यासाठी नवं पान काढून वर आजची तारीख टाका.